डेकखालचा ऑटोपायलट : पैसा आणि कष्ट नेमके कुठे घालावेत

तुमची बोट ३८ फुटी, फायबरग्लासची, १९९०च्या सुमाराची. चाक, तारा आणि क्वाड्रंट (सुकाणूच्या दांड्यावरचा, तारा ज्याला ओढतात तो चाकाचा तुकडा) अशी सुकाणूची रचना. कागदावरचं वजन साडेसात टन. चाकावर बसणारा पट्ट्याचा ऑटोपायलट मुंबईहून गोव्याकडे जाताना दुपारनंतर घसरायला लागतो आणि मग चाक तुम्हालाच धरावं लागतं. पुढच्या मोसमात दोघांनीच कोची आणि तिथून मालदीव गाठायचं आहे. म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: डेकखालचा पायलट कोणत्या कंपनीचा घ्यावा, आणि बसवण्याचं काम स्वतः करता येईल का.

बरंचसं काम स्वतः करता येईल. कंपनीचं नाव मात्र मी मुद्दाम मागे ठेवतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डेकखालच्या पायलटांत इलेक्ट्रॉनिक डबा बिघडलेला फार क्वचित सापडतो. उखडलेली बैठक, सुकाणूच्या दांड्यावर, म्हणजे स्टॉकवर, सरकलेला आर्म (पायलट ज्याला ढकलून सुकाणू फिरवतो तो आडवा हात), बारीक तारेत हरवलेले व्होल्ट, नाहीतर मुळातच जड फिरणारं सुकाणू, यांतलं काहीतरी निघतं. डेकखालचा पायलट हे आधी फायबरचं आणि लोखंडाचं काम आहे, मग वायरमनचं, आणि शेवटी थोडंसं बटणांचं. तुमचे पैसे आणि सुट्टीचे दिवस त्याच क्रमाने वाटा.

पट्ट्याचा पायलट दुपारीच का हरतो, ते आधी पाहू. खारा वारा दुपारनंतर वायव्येकडून भरतो. दक्षिणेला निघालेल्या बोटीला तो मागून, उजव्या अंगाला लागतो आणि लाटाही तिकडूनच येतात. प्रत्येक लाट पिछाडी उचलून डावीकडे ढकलते आणि नाक वाऱ्याकडे वळवते. ते वळण सुरू होताच सुकाणू पटकन आणि जोरात फिरायला हवं. चाकावरचा पायलट चाक फिरवतो, चाक साखळी ओढतं, साखळी तार ओढते, तार कप्प्यांवरून क्वाड्रंटपर्यंत जाते. या सगळ्यातली ढिलाई संपेपर्यंत नाक १५ अंश वळलेलं असतं. डेकखालचा रॅम, म्हणजे मोटरने लांब-आखूड होणारा दांडा, स्टॉकला थेट धरतो. मधली साखळी उरत नाही. तार तुटली तरी पायलट सुकाणू चालवू शकतो. मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

पहिलं काम तपासणीचं. बोट पाण्यात असताना तारा क्वाड्रंटवरून सोडा आणि क्वाड्रंट हाताने फिरवून पाहा. दोन बोटांच्या जोराने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवा. अडखळत असेल तर बेअरिंगकडे लक्ष द्या. त्या काळातल्या बऱ्याच बोटींत नायलॉनची बेअरिंग आहेत. नायलॉन पाणी पितं, फुगतं आणि स्टॉकला आवळून धरतं. बोट वर काढून सुकाणू खाली उतरवायचं, बेअरिंग लेथवर हलकं मोकळं करून घ्यायचं किंवा ॲसिटल या प्लास्टिकचं नवं करून घ्यायचं. ॲसिटल त्या मानाने फारच कमी पाणी पितं. मग तारा परत लावा, कप्पे फिरतात का पाहा, तारेचा ताण नेमका ठेवा. पायलट चालू असताना रॅम सुकाणूबरोबर तारा आणि चाकही फिरवत असतो, त्यामुळे इथलं प्रत्येक घर्षण रात्रंदिवस बॅटरीतून वसूल होतं. सुकाणू जड असताना त्याला मोठा रॅम लावणं हा इलाज नव्हे.

आता ताकदीचा हिशेब. विक्रेता बोटीचं वजन विचारतो आणि तक्त्यातून यंत्र काढून देतो. तक्ते खोटे नसतात, पण एकदा स्वतः आकडे मांडले की कुठे हात आखडायचा नाही ते कळतं. सुकाणूचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर धरा. वेग ७ नॉट, म्हणजे सेकंदाला ३.६ मीटर. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ धरली की पाण्याचा गतिज दाब चौरस मीटरला सुमारे ६६४० न्यूटन होतो. सुकाणू भरपूर वळवलं की उचल-गुणांक (या दाबाचा पात्यावर किती पट रेटा होतो तो आकडा) १.२च्या आसपास जातो. म्हणजे पात्यावर सुमारे ४८०० न्यूटन, ढोबळमानाने ४९० किलोंचा रेटा. हा रेटा स्टॉकच्या अक्षापासून १० सेंटीमीटर मागे लागतो असं मानलं, तर पीळ ४८० न्यूटन-मीटर. आर्म २५ सेंटीमीटरचा असेल तर रॅमला जवळपास १९५ किलोंनी ढकलावं लागेल. आणि लाटेवरून उतरताना बोट क्षणभर १० नॉटला गेली, तर वेगाच्या वर्गाने हेच ४०० किलो होतात. तुमच्या सुकाणूचं खरं क्षेत्रफळ आणि अक्षापासूनचं अंतर मोजून हाच हिशेब पुन्हा करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

वजनही कागदावरचं धरू नका. भरलेल्या पाण्याच्या टाक्या, डिझेल, साखळी, डिंगी, दोन महिन्यांचा शिधा मिळून २० टक्के सहज वाढतात. तुमची बोट ९ टनांची समजा. उदाहरण म्हणून रेमरीनचे यांत्रिक रॅम घेऊ. टाइप १चा कमाल रेटा सुमारे २९५ किलो आणि मर्यादा ११ टन; आखूड स्ट्रोकच्या (दांडा पुढे-मागे जातो ती लांबी) टाइप २चा सुमारे ४८० किलो आणि मर्यादा १५ टन. तक्ता तुम्हाला टाइप १ देईल. मी टाइप २ घ्या म्हणेन. वरचे ४०० किलो ज्या क्षणी लागतात, त्याच क्षणी बोट वाऱ्याकडे आडवी फिरण्याच्या बेतात असते. मोठा रॅम नेहमीच्या वाऱ्यात अर्ध्या ताकदीवर चालतो, कमी तापतो, जास्त वर्षं टिकतो.

यांत्रिक की हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा? या आकाराच्या बोटीला यांत्रिक. वीज कमी खातो, दुरुस्ती समजण्यासारखी असते. १५-२० टनांच्या वर गेलात की हायड्रॉलिकचा विचार करा.

रॅमची भूमिती नीट समजून घ्या, कारण इथली चूक नंतर कोणत्याही बटणाने सुधारत नाही. सुकाणू दोन्ही बाजूंना ३५ अंश फिरतं असं धरलं, तर आर्मच्या टोकाचा सरळ रेषेतला प्रवास आर्मच्या लांबीच्या १.१५ पट असतो. २५० मिलीमीटरच्या आर्मला २८७ मिलीमीटर. रॅमचा स्ट्रोक ३०० असेल तर दोन्ही टोकांना सहा-सहा मिलीमीटर शिल्लक राहतात. म्हणजे बसलं, पण जेमतेम. आर्म २८०चा केलात तर प्रवास ३२१ होतो, सुकाणू टोकाला पोचण्याआधी रॅम संपतो आणि सगळा धक्का त्याच्या पोटातल्या स्क्रूवर बसतो. उलट आर्म २०० मिलीमीटरचा केला तर ४०० किलोंचे ५०० होतात. सुकाणूला स्वतःचे भक्कम अडथळे हवेत आणि ते रॅमच्या आधी लागायला हवेत. तुमच्या बोटीत ते असतील, पण तीस वर्षांत गळलेले रबर आणि झिजलेले बोल्ट आधी बदला.

सुकाणू मध्यावर असताना रॅम मधल्या लांबीवर आणि आर्मशी काटकोनात असला पाहिजे. आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. बहुतेक बोटींत स्टॉक उभा नसतो, मागे किंवा पुढे झुकलेला असतो. त्यामुळे आर्म ज्या पातळीत फिरतो ती पातळीही तिरकी असते. रॅमची बैठक त्या तिरक्या पातळीला समांतर करायची, क्षितिजाला नव्हे. पाणसळ इथे उपयोगाची नाही, स्टॉकवर गुण्या लावा. टोकाचा गोल सांधा थोडे अंश सांभाळून घेतो, पण दोन्ही टोकांना तो मुडपून अडकायला लागला की रॅमचा दांडा वाकतो. आधी प्लायचा खऱ्या मापाचा रॅम कापा, मोटरच्या जागी पुठ्ठ्याचं खोकं चिकटवा आणि सुकाणू टोकापासून टोकापर्यंत फिरवा. रॅमचं शरीरही बाजूला डोलत असतं. मोटर एक्झॉस्टच्या नळीला, गॅसच्या कप्प्याला किंवा आणीबाणीच्या टिलरच्या (सुकाणू थेट हाताने फिरवायच्या दांड्याच्या) वाटेला लागते का, ते या खेळण्यावरून अगदी स्पष्ट दिसतं.

आर्मबद्दल माझं मत ठाम आहे. तो क्वाड्रंटपासून स्वतंत्र हवा. क्वाड्रंटला भोक पाडून रॅम जोडणं सोपं दिसतं आणि अनेकांनी ते केलेलंही आहे. पण क्वाड्रंट तारेचा रुंदभर पसरलेला ताण घेण्यासाठी ओतलेला असतो. एका बोल्टावर येणारा, सतत उलटसुलट होणारा ४०० किलोंचा रेटा घेण्यासाठी नव्हे. तो ओतीव ॲल्युमिनियमचा असेल तर भेग पडते. आणि क्वाड्रंट फुटला की पायलट आणि चाक दोन्ही एकाच वेळी जातात.

स्टॉकचा व्यास व्हर्नियरने दोन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजा. तो नेहमी गोल आणि सारखा निघतोच असं नाही. आर्म दोन भागांचा, चार बोल्टांनी आवळणारा आणि चावीच्या खाचेसह घ्या. नुसत्या टोकदार स्क्रूंवर धरलेला आर्म आज ना उद्या सरकतोच. जेफासारख्या कंपन्या तयार आर्म देतात. आपल्याकडच्या चांगल्या मशीन शॉपमध्येही ॲल्युमिनियम-ब्राँझचा आर्म उत्तम होतो, फक्त चित्रावर सगळी मापं लिहून द्या. स्टॉक स्टीलचा आणि आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर मध्ये गंजरोधक पेस्ट हवीच, नाहीतर दोन मोसमांत पांढरी पावडर निघू लागेल. स्टॉक पोकळ नळीचा असेल तर त्यात खाच कापू नका. अशा वेळी स्टॉकची जाडी ज्याने आखली त्या डिझाइनरला किंवा बोट बांधणाऱ्या कारखान्याला विचारूनच पुढे जा.

आणि आता बैठक, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. तिरक्या लाटांत पायलट दर दोन-तीन सेकंदांनी सुकाणू हलवतो. तीन सेकंद धरले तरी दिवसाला २८ हजारांवर धक्के होतात, आणि प्रत्येक धक्का आधीच्याच्या उलट दिशेने. एखादी तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटते, तशी लवचीक बैठक तुटते. म्हणून ती हलताच कामा नये. बोटीच्या तळाच्या उघड्या कातडीवर प्लायचा तुकडा चिकटवून त्यावर रॅम बसवलेला मी पाहतो तेव्हा निकाल आधीच ठाऊक असतो: कातडी आत-बाहेर लवते, रंगाला केसासारख्या भेगा जातात, मग फायबर सुटतं. बैठक अशा ठिकाणी घ्या जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना मिळतात, म्हणजे बल्कहेड (बोटीतली आडवी भिंत) आणि तळ, किंवा आधीचा एखादा आडवा पट्टा आणि तळ. तिथे १८ ते २० मिलीमीटरच्या मरीन प्लायचा पेटीसारखा आधार करा, पाठीमागे त्रिकोणी टेकू द्या आणि ज्या दिशेने रॅम ढकलतो त्या दिशेत त्या टेकूचं पातं ठेवा.

जुना रंग आणि ग्रीस ४० नंबरच्या कागदाने पार फायबरपर्यंत घासून काढा. कोपऱ्यांत इपॉक्सीच्या पुट्टीची गोलाई द्या आणि वरून बायॲक्सियल (दोन दिशांना धागे असलेल्या) कापडाचे चार-पाच थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा रुंद, तळावर किमान १०० ते १५० मिलीमीटर पसरलेले. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरते. बोट पावसाळ्यात बाहेर काढलेली असते म्हणून हे काम जुलैत उरकायचा मोह होतो. शक्य असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो आणि पुढचा थर त्यावर धरत नाही. थांबता येत नसेल तर कप्पा दिव्याने उबदार ठेवा, प्रत्येक थर वाळल्यावर साध्या पाण्याने आणि काथ्याने धुवा, पुसा, घासा, मगच पुढचा थर.

रॅमचा पाय बोल्टांनीच धरायचा, लाकडी स्क्रूंनी कधीच नाही. बोल्टाखाली मोठी पाठप्लेट, वर नायलॉनचे लॉकनट. सगळं आवळलं की एकाला चाक दोन्ही बाजूंना जोरात मारायला सांगा आणि आपला तळहात बैठकीच्या मुळाशी ठेवा. हाताला हालचाल जाणवली तर वायरिंगला हात लावू नका, आधी आणखी टेकू द्या.

लॅझरेटमध्ये, म्हणजे पिछाडीच्या सामानाच्या कप्प्यात, रॅमभोवती प्लायची भिंत घाला. दोऱ्या, फेंडर, बादली सगळं तिथेच फेकलं जातं, आणि सुटलेली एक दोरी आर्म आणि बैठकीच्या मध्ये गेली तर सुकाणू जागच्या जागी अडकतं.

वीज. टाइप २सारखा रॅम सरासरी ३ ते ५ अँपिअर घेतो, पण जोर लावताना १५पर्यंत किंवा त्याहून वर उसळतो. तार त्या उसळीच्या हिशेबाने घ्या. बॅटरीपासून मागच्या कप्प्यापर्यंत १० मीटर, जाऊन-येऊन २० मीटर तांबं. ६ चौरस मिलीमीटरच्या तारेत १५ अँपिअरला ०.८६ व्होल्ट गळतात, म्हणजे १२ व्होल्टांतले ७ टक्के, तेही नेमके ज्या क्षणी रॅमला जोर हवा त्या क्षणी. १६ चौरस मिलीमीटरची तार घेतली की गळती ३ टक्क्यांच्या आत येते, आणि तेवढं पुरे. कलई केलेलं तांबं घ्या. गाडीची साधी तार आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत आतून काळी पडते. स्वतःचा ब्रेकर, थेट घरगुती बॅटरी बँकेवरून. इंजिन चालू करण्याच्या बॅटरीवरून नको, कारण स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली जातं आणि पायलटचा संगणक नेमका तेव्हा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रॅममधल्या क्लचचं व्होल्टेज संगणकाच्या सेटिंगशी जुळतं का तेही पाहा. काही संगणकांवर १२ आणि २४ असा वेगळा स्विच असतो आणि तो चुकीचा राहिला तर क्लच जळतो.

दिवसाचा हिशेब: ३ अँपिअरने २४ तासांत ७२ अँपिअर-तास, खवळलेल्या समुद्रात ५ने १२०. दोनशे वॉटचं सौर पॅनल स्वच्छ दिवसाला ढोबळमानाने ६०-७० देतं. फ्रिज, दिवे, प्लॉटर (नकाशाचा पडदा) वेगळे. मालदीवच्या वाटेसाठी हे गणित आत्ताच करून ठेवा.

कंपासचा सेन्सर कुठे बसवायचा, हा प्रश्न लोक सर्वांत हलका घेतात. जागा बोटीच्या मध्याजवळ आणि खाली, जिथे डोलणं कमी. इंजिनापासून, किलच्या (तळाखालच्या वजनदार पात्याच्या) बोल्टांपासून, स्पीकरपासून आणि एकदिश प्रवाहाच्या जाड तारांपासून किमान मीटरभर लांब. जिथे अधिक-उणे तारा जवळून जाव्याच लागतात तिथे त्या एकमेकींभोवती पिळून न्या, म्हणजे दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. आणि त्या कपाटावर लिहून ठेवा की इथे लोखंड ठेवायचं नाही. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा किंवा हत्यारांची पेटी सेन्सरशेजारी आली की पायलट एका दिशेला शहाण्यासारखा वागतो आणि दुसऱ्या दिशेला भरकटतो, आणि माणूस दोष देतो संगणकाला. विजेच्या तारा कंपासला किती छळतात याचा आपल्या घरचा दाखला आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेची चुंबकीय निरीक्षणं बिघडणार हे उघड झालं आणि १९०४ साली ती समुद्रापलीकडे अलिबागला हलवली गेली, तीही लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. बोटीत आपल्याला फक्त एक मीटर हलायचं असतं.

युरोपातले नाविक कुरकुरतात की उत्तरेकडे जाताना पायलट झोकांड्या खातो. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा क्षितिजाखाली ६५ अंशांच्या आसपास किंवा जास्त झुकलेल्या असतात, त्यामुळे सेन्सर जरा तिरका झाला की उभं क्षेत्र त्यात घुसतं आणि दिशा चुकते. मुंबईपाशी हा झुकाव त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि कोचीकडे जाताना तो जवळपास संपतो. चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणूनच १९६३ साली थुंब्याला रॉकेट केंद्र उभं राहिलं. तुमच्या वाटेवर तो उत्तरेचा दोष फारसा जाणवणार नाही. तरीही नऊ अक्षांचा नवा सेन्सर घ्या, वेगळ्या कारणासाठी. त्यातला जायरो नाक किती वेगाने वळतंय हे सांगतो. मागून येणाऱ्या तिरक्या लाटेत दिशा बदलेपर्यंत थांबलेला पायलट उशीर करतो. वळण्याचा वेग कळणारा पायलट वळण सुरू होतानाच सुकाणू देतो.

सुकाणूचा कोन सांगणारा सेन्सर आर्मशी समांतरभुज चौकोन होईल असा जोडा. त्याची दांडी आर्मएवढीच लांब आणि दोन्ही एकमेकींना समांतर. नव्या संगणकांना तो नसला तरी चालतो असं सांगतात. मी तो नेहमी बसवतो. बाकी सगळं एनएमईए २०००च्या (बोटीतल्या यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या डेटा जाळ्याच्या) मुख्य तारेवर येतं. फाटे ६ मीटरच्या आत ठेवा, आणि वीज बंद करून दोन डेटा तारांमधला रोध मोजा. ६० ओहम आला तर दोन्ही टोकांचे टर्मिनेटर, म्हणजे तिथले रोधक, जागेवर आहेत.

आता कंपनीचा प्रश्न सोपा होतो. तुमच्याकडे ज्या कंपनीचा प्लॉटर आणि वाऱ्याचं यंत्र आहे, त्याच घरचा संगणक आणि बटणांचं पॅनल घ्या. रेमरीन, बी अँड जी, गार्मिन, तिन्ही हे काम नीट करतात. रॅम त्याच कंपनीचा असायला हवा असंही नाही. मोटरचं व्होल्टेज, कमाल प्रवाह आणि क्लच संगणकाच्या मर्यादेत बसले की जेफाचा किंवा लेकोंब्ल ए श्मिटचा रॅमही चालतो. उजेडात वाचता येणारं पॅनल हवं आणि ते चाकामागून उभ्याने हाताला लागायला हवं. याहून जास्त विचार त्यावर करू नका.

पहिली चाचणी धक्क्यालाच. उजवीकडे १० अंशांचं बटण दाबा. सुकाणू डावीकडे गेलं तर मोटरच्या दोन तारा अदलाबदल करा. मध्य ठरवा, संगणकातली मर्यादा खऱ्या अडथळ्यांच्या दोन-तीन अंश आत ठेवा. कंपास फिरवून जुळवायला मुंबई बंदरातल्या नांगरलेल्या पोलादी जहाजांपासून दूर मोकळ्या पाण्यात जा. सपाट समुद्र, सकाळची वेळ, सावकाश गोल चकरा. संगणक दाखवेल तो विचलनाचा (कंपास किती चुकतो त्याचा) आकडा ५ अंशांच्या आत आला तर उत्तम. १५च्या पुढे गेला तर सेन्सरची जागा चुकली आहे, जुळवणी पुन्हा करून फायदा नाही. जीपीएसच्या मार्गाशी दिशा मिळवून घ्यायची असेल तर भांगाच्या दिवसांत, पाणी थांबलेलं असताना करा. उधाणाच्या ओढीत बोट एका दिशेला पाहते आणि दुसरीकडे जाते.

मग इंजिनावर नेहमीच्या वेगाने ४० अंशांचं वळण द्या. नाक नव्या दिशेपलीकडे ५ अंशांहून जास्त जाऊन परत आलं तर सुकाणूचं गेन (चुकलेल्या दिशेसाठी सुकाणू किती द्यायचं ती सेटिंग) कमी करा. वळण लांबलं आणि आळसावलं तर वाढवा. ही जुळवणी शिडांवर, मागच्या वाऱ्यात पुन्हा करावी लागते. तिथे आधी शिडं पाहा. मुख्य शीड जास्त असलं की बोट सतत वाऱ्याकडे ओढते आणि पायलट सतत तिच्याशी झगडतो. दुपारी वारा १५ नॉटच्या पुढे जाताना मुख्य शिडाला एक रीफ घातला, म्हणजे ते थोडं आवरून लहान केलं, की पायलटचा प्रवाह पॅनलवर डोळ्यांदेखत उतरतो.

वाऱ्याच्या कोनावर चालणारा मोड आपल्या किनाऱ्याला जपून वापरा. रात्री खारा वारा पडतो आणि वायव्येकडून उत्तर, मग ईशान्य असा फिरत मतलई वारा सुरू होतो. कोचीहून किंवा गोव्याहून उत्तरेला परतताना वारा डाव्या नाकाला ४५ अंशांवर धरून निघालात आणि मोड तसाच ठेवून झोपलात, तर वारा ईशान्येला फिरेल तशी बोट इमानाने तोच कोन राखत पूर्वेला, किनाऱ्याकडे तोंड करेल. दिशा बदलली की वाजणारा इशारा चालू ठेवा, आणि अंधार पडला की कंपासच्या मोडवर या. जाळ्यांचे बोये आणि बिनदिव्यांच्या होड्या पायलटला दिसत नाहीत. त्यातल्या बऱ्याच होड्या एआयएसवरही (जहाजांची जागा रेडिओवर कळवणाऱ्या यंत्रणेवरही) नसतात. पाळी पाळीने कोणीतरी डोळे उघडे ठेवून बाहेर बसलंच पाहिजे, आणि तो माणूस बोटीला बांधलेला असला पाहिजे. एक जण पाण्यात पडला तर पायलट बोट तशीच पुढे नेत राहतो.

विंडव्हेनबद्दल, म्हणजे विजेशिवाय वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणाऱ्या यंत्राबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण मालदीवच्या पुढे जाण्याचा विचार असेल तर तो मनात ठेवा. गोल्डन ग्लोब शर्यतीत इलेक्ट्रॉनिक पायलटला बंदी आहे. भारतीय नाविक अभिलाष टॉमी २०२२-२३मध्ये रस्टलर ३६ बोटीतून विंडव्हेनच्या भरवशावर एकट्याने जगप्रदक्षिणा करून दुसरे आले. विंडव्हेन वीज खात नाही, पण इंजिनावर आणि मरगळलेल्या वाऱ्यात निरुपयोगी. आपल्या किनाऱ्यावर तसे तास पुष्कळ असतात. तुमच्या बेतासाठी आधी डेकखालचा पायलट, हाच क्रम बरोबर आहे. जुना पट्ट्याचा पायलट काढून विकू नका. स्वच्छ करून बोटीतच ठेवा.

सुट्या सामानात मोटरचे ब्रश, मोटरचा पट्टा असेल तर तो, सुकाणूच्या कोनाचा सेन्सर, फ्यूज आणि आर्मच्या टोकाची एक जादा पिन. ही पिन मी झटक्यात निघणारी लावतो. रॅम आतून अडकला तर सुकाणूही अडकतं, आणि पिन काढल्याशिवाय चाक किंवा आणीबाणीचा टिलर काहीच चालत नाही. पिन काढायला लागणारं हत्यार तिथेच दोरीने बांधून ठेवा. मुंबई सोडण्याआधी तुम्ही दोघांनीही, एकेकट्याने, रात्री हेडलॅम्प लावून लॅझरेटमध्ये उतरा, पिन काढा, आणीबाणीचा टिलर चढवा आणि बोट त्यावर थोडी चालवून पाहा. दोघांपैकी एकाला जरी हे मिनिटाभरात जमत नसेल तर हत्याराची, पिनची किंवा झाकणाची जागा बदला आणि पुन्हा करा.